खेळ कोणाच्या मालकीचा?

(बुलढाणा येथे जिल्ह्यातील कबड्डी मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कबड्डीच्या कार्यकर्त्यांपुढे मी आज प्रामुख्याने जर्मनीतील फुटबॉलविषयी बोलणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बुलढाण्याच्या कापूस पिकविणाऱ्या मुलखाचा आणि ऱ्हाईनकाठच्या कोळसा खणणाऱ्या मुलखाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु संबंध आहे, आणि तो आपल्या वऱ्हाडातूनच गेलेला आहे. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी तेथे जाऊन कबड्डीची आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. परतंत्र देशातील, वर्गणीवर चालणाऱ्या एका मंडळाने युरोपच्या मध्यावर आपला खेळ नेला, याचा अभिमान आपण आजही बाळगतो आणि तो बाळगलाच पाहिजे.

मात्र त्या अभिमानाच्या भरात एक गोष्ट आपल्या नजरेआड राहते. ज्या जर्मनीत आपल्या मुलांचे कौतुक झाले, त्याच जर्मनीतील कामगारांची क्रीडामंडळे त्याआधी तीनच वर्षे, १९३३ साली, सत्तेच्या बळावर मोडून काढण्यात आली होती. त्यांची मैदाने, व्यायामशाळा आणि निधी जप्त झाला होता. म्हणजे एका मंडळाचे स्वागत करणारे यजमान शेकडो मंडळांचे मारेकरी होते. मंडळ कसे उभे राहते, कसे मोडते आणि पुन्हा कसे उभे करता येते, हे शिकायचे असेल तर या देशाच्या इतिहासाइतका बोलका इतिहास क्वचितच सापडेल. म्हणून हा विषय.

जर्मनीत फुटबॉल आला तो इंग्लंडहून, आणि आला तो शिकलेल्या वर्गात. १८७४ साली ब्राउनश्वाइग येथे कोनराड कोख नावाच्या शिक्षकाने तो आपल्या विद्यार्थ्यांना शिकविला. १९०० साली लाइपझिग येथे जर्मन फुटबॉल संघटना स्थापन झाली आणि १९०३ साली पहिले राष्ट्रीय विजेतेपद लाइपझिगच्याच संघाने मिळविले. कामगारवर्गाने मात्र आपली वाट वेगळी काढली होती. १८९३ साली गेरा येथे कामगारांच्या व्यायाममंडळांचा स्वतंत्र संघ निघाला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याची सभासदसंख्या दहा लाखांच्या वर गेली. त्याच्या स्वतःच्या फुटबॉल स्पर्धा होत्या, आणि १९२५ साली फ्रँकफुर्ट येथे कामगारांचे स्वतंत्र ऑलिंपिकही भरले. एवढी मोठी चळवळ १९३३ साली एका फटक्यात बेकायदा ठरली. बाकीच्या क्लबांतूनही ज्यू सभासदांना हाकलण्यात आले. म्युनिकच्या बायर्न क्लबचे अध्यक्ष कुर्ट लांडाउअर यांना पद सोडावे लागले, १९३८ साली डाखाऊच्या छळछावणीत जावे लागले आणि पुढे देश सोडावा लागला. युद्ध संपल्यावर ते परतले आणि त्याच क्लबचे पुन्हा अध्यक्ष झाले.

आता पैशाच्या प्रश्नाकडे वळू. खेळ हा निरपेक्ष आनंदासाठी खेळावा, त्यासाठी पैसा घेणे हीन, ही कल्पना आपल्याकडेही मोठ्या आदराने सांगितली जाते. ही कल्पना जन्मली कोठे, हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या १८७९ सालच्या नियमांत कारागीर आणि मजूर यांना हौशी खेळाडू मानू नये असे लिहिले होते. ज्याचे पोट जमिनीच्या खंडावर भरते तो हौशी आणि ज्याचे पोट हातावर आहे तो अपात्र, असा हा उघडावाघडा वर्गनियम होता. पुढे त्याची भाषा सभ्य झाली, अर्थ तोच राहिला.

जर्मनीत या नियमाची किंमत कोणी मोजली, ते ऐका. गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या गावी शाल्के नावाचा क्लब आहे. खाणकामगारांच्या वस्तीतील पोरांनी १९०४ साली तो काढला. हा संघ खेळू लागला की त्या मुलखातील माणसे लोटत. तिकिटांचा पैसा गोळा होई. परंतु खेळाडूला द्यावयाच्या भत्त्याला संघटनेने मर्यादा घातली होती, आणि ती इतकी तोकडी होती की पाळी बुडवून खेळणाऱ्या कामगाराचे घर त्यात चालणे शक्य नव्हते. क्लबने थोडे अधिक दिले. १९३० साली हे उघडकीस आले आणि चौदा खेळाडूंना धंदेवाईक ठरवून खेळण्यास बंदी करण्यात आली. क्लबचे खजिनदार विली नीअर यांना हा कलंक सोसवला नाही. त्यांनी कालव्यात उडी घेऊन जीव दिला. पुढच्या वर्षी बंदी उठली, तेव्हा परतलेला संघ पाहण्यास सत्तर हजारांच्या आसपास माणसे जमली होती. त्या गर्दीने आपला निकाल देऊन टाकला होता. घाम गाळणाऱ्याला मोबदला मिळाला तर त्यात पाप नाही, हा तो निकाल.

तरीही नियम बदलावयास तीन दशके लागली. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत करारबद्ध खेळाडूंची पद्धत आली, तीत महिन्याला ३२० मार्कांची कमाल मर्यादा होती. १९५४ साली बर्न येथे जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हाही देशाला एकच अशी राष्ट्रीय साखळी नव्हती. पाच प्रादेशिक साखळ्या होत्या. अखेर २८ जुलै १९६२ रोजी डॉर्टमुंड येथे संघटनेच्या सभेत १०३ विरुद्ध २६ मतांनी बुंडेसलिगा, म्हणजे संपूर्ण देशाची एक व्यावसायिक साखळी, स्थापण्याचे ठरले. सोळा जागांसाठी ४६ क्लबांनी अर्ज केले आणि २४ ऑगस्ट १९६३ रोजी पहिले सामने झाले.

पण ही व्यावसायिकताही अर्धवट होती. सर्वसाधारण खेळाडूच्या वेतनावर महिना बाराशे मार्कांची मर्यादा ठेवण्यात आली. उघडपणे जे देता येत नाही ते टेबलाखालून दिले जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. १९६५ साली बर्लिनच्या हेर्था क्लबला असेच पैसे दिल्याबद्दल साखळीबाहेर जावे लागले. ६ जून १९७१ रोजी तर ओफेनबाखच्या क्लबाचे अध्यक्ष कानेलास यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसास जमलेल्या पाहुण्यांपुढे ध्वनिफीत वाजविली. सामने विकत घेण्यादेण्याची बोलणी तीत होती. पन्नासहून अधिक खेळाडूंना शिक्षा झाल्या. खेळाडूंचा लोभ निषेधार्हच होता. पण ज्याच्या खेळावर इतरांचा पैसा उभा राहतो त्यालाच तुटपुंजे वेतन देण्याची पद्धत त्या लोभाला खतपाणी घालीत होती, हेही तितकेच खरे. यानंतर अल्पावधीतच त्या मर्यादा उठविण्यात आल्या.

येथे आपण समाजवाद्यांनी स्वतःशी प्रामाणिक राहून एक गोष्ट बोलली पाहिजे. पूर्व जर्मनीत भांडवलदार नव्हता. तेथे क्लब जनतेचे झाले काय? तसे झाले नाही. १९५४ साली ड्रेस्डेनचा उत्तम संघ वरच्या हुकुमाने उचलून बर्लिनला नेण्यात आला. पुढे १९७९ ते १९८८ या काळात बर्लिनच्या डायनॅमो संघाने सलग दहा विजेतेपदे मिळविली. आणि या संघाचा आश्रयदाता होता गुप्त पोलीस खात्याचा मंत्री एरिक मिल्के. पंचांचे निर्णय कोणाच्या बाजूने लागतात हे प्रेक्षकांना ठाऊक होते, आणि ते मैदानात शिट्ट्या मारून तसे सांगतही होते. सरकारी मालकी आणि लोकांची मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या मालकीत सभासदाला हात वर करून ‘नाही’ म्हणता येत नाही, ती मालकी लोकांची नव्हे.

तर मग लोकांची मालकी म्हणजे काय? या प्रश्नाचे उत्तर जर्मन क्लबांच्या घडणीत आहे. तेथील क्लब मुळात ‘फेराइन’ असतो, म्हणजे नोंदणीकृत संस्था. ती नोंदण्यास त्यांच्या दिवाणी संहितेप्रमाणे सात सभासद लागतात. आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानेही सातच लागतात. आपल्या गावातील मंडळ आणि म्युनिकचा क्लब हे कायद्याच्या दृष्टीने एकाच गोत्राचे आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. फरक एवढाच, की त्या क्लबाचे सभासद आज तीन लाखांहून अधिक आहेत.

१९९८ साली पैशाचा रेटा वाढला तेव्हा जर्मन संघटनेने क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीत रूपांतरित करण्याची मुभा दिली. परंतु एक अट घातली: कंपनीत कोणाचाही कितीही पैसा असो, मतांपैकी निम्म्याहून एक अधिक मत मूळ सभासद-संस्थेकडेच राहील. हाच तो ‘पन्नास अधिक एक’ नावाचा नियम. पैसेवाल्याला भाग मिळेल, नफा मिळेल, पण शेवटचा शब्द मिळणार नाही.

या नियमाला भोके नाहीत असे नव्हे. लेव्हरकुसेनचा क्लब औषधाच्या कारखान्याचा आणि वोल्फ्सबुर्गचा मोटारीच्या कारखान्याचा; त्यांना जुन्या नात्यामुळे सूट मिळाली. लाइपझिगमध्ये २००९ साली एका पेय-कंपनीने असा क्लब उभा केला की नियमाची अक्षरे पाळली गेली, पण मताधिकार असलेले सभासद बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. डॉर्टमुंडचा क्लब २००० साली शेअर बाजारात उतरला आणि पाच वर्षांत दिवाळखोरीच्या कड्यावर जाऊन पोहोचला. या नियमाने समता आली असेही नाही. २०१३ पासून २०२३ पर्यंत अकरा वेळा ओळीने एकच क्लब विजेता ठरला.

पण नियमाची किंमत प्रसंगी कळते. डिसेंबर २०२३ मध्ये साखळीच्या ३६ क्लबांपैकी २४ क्लबांनी असा ठराव केला, की प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील आठ टक्के वाटा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यावा आणि त्याबदल्यात सुमारे शंभर कोटी युरो घ्यावेत. ठराव मंजूर होण्यास नेमकी २४ मतेच लागत होती. मतदान गुप्त होते. आपल्या सभासद-संस्थेने ‘विरोध करा’ असे सांगितले असता एका क्लबाच्या प्रतिनिधीने बाजूने मत दिले, असा संशय पसरला. मग प्रेक्षक उठले. अनेक सामन्यांत मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले जाऊ लागले, खेळ थांबू लागला. त्यांनी कोणाला मारले नाही, काही जाळले नाही. ‘आमच्या नावाने केलेला सौदा आम्हाला विचारून करा’ एवढेच ते सांगत होते. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी साखळीने तो बेत सोडून दिला. शंभर कोटी युरो एका बाजूस आणि उभे राहून सामना पाहणारा सामान्य माणूस दुसऱ्या बाजूस, अशा लढतीत सामान्य माणूस जिंकला. त्याच्या हातात मत होते, म्हणून जिंकला.

मित्रहो, हे सारे मनात ठेवून आता आपल्या मातीकडे परत येऊ.

कबड्डी हा महाराष्ट्रात मंडळांनी वाढविलेला खेळ आहे. मुंबईच्या गिरणगावात चाळीचाळीत मंडळे होती. पाळी संपवून आलेला कामगार रात्री दिव्याखाली मातीत उतरत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, पण त्या वस्त्यांतील मंडळांनी खेळ सोडला नाही. बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकाने आयुष्य वेचून हा खेळ देशभर नेला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. या साऱ्या काळात खेळाडूचा आधार होता तो नोकरीचा: रेल्वे, पोलीस, बँका, सार्वजनिक उद्योग. ज्याला नोकरी लागली त्याचे जमले. ज्याला लागली नाही तो गुडघा दुखावून तिशीत शेतावर परतला आणि कोणी त्याची विचारपूस केली नाही. ‘हौशी’ या शब्दामागे आपणही पुष्कळ अन्याय झाकला आहे.

२०१४ साली व्यावसायिक साखळी आली. तिने काही चांगले केले, ते मोकळेपणाने मान्य करू. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. २०२३ साली पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची लागली. शेतकऱ्याचे पोर चढाई करून घर बांधते, याचा ज्याला आनंद होत नाही तो आपल्या चळवळीतला नव्हे. जो म्हणेल की पैशाने खेळ विटाळला, त्याला मी शाल्केच्या खजिनदाराची आठवण देईन.

माझा आक्षेप वेगळा आहे. लिलाव हा शब्दच पाहा. खामगावच्या बाजारात कापसाचा लिलाव होतो हे आपण जाणतो. कापूस बोलत नाही, म्हणून त्याचा लिलाव होतो. माणसाला बोलता येते. जर्मनीत मोठ्या रकमेने खेळाडू क्लब बदलतात, पण करारावर सही करताना कोणत्या गावी जायचे हे तो स्वतः ठरवितो. येथे सर्वांत मोठी बोली लावणारा ठरवितो. दुसरे असे, की संघ कोणाचे? उद्योगसमूहांचे आणि चित्रपटसृष्टीतील धनिकांचे. खुद्द साखळी चालविणाऱ्या कंपनीचा मोठा हिस्सा २०१५ साली दूरचित्रवाणी कंपनीने घेतला. म्हणजे सामना भरविणारा आणि तो विकणारा एकच! २०२४ च्या हंगामात सारे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच ठिकाणी झाले. पाटण्याचे नाव लावणारा संघ पाटण्यात एकही सामना न खेळता अंतिम फेरीत पोहोचला. गावाचे नाव घेतले, गाव घेतले नाही. आणि जर्मनीत तळाच्या साखळीतील क्लब जिंकत जिंकत वर चढू शकतो. आपल्या जिल्ह्यातील मंडळाने जगातील सर्व सामने जिंकले तरी त्या साखळीचे दार त्याला उघडत नाही, कारण तेथे जागा जिंकायची नसते, विकत घ्यायची असते.

स्त्रियांचे तर विचारूच नका. जर्मन संघटनेनेही १९५५ साली आपल्या क्लबांना स्त्रियांचे फुटबॉल चालविण्यास बंदी केली होती. ती १९७० साली उठली आणि १९९० साली स्त्रियांची स्वतंत्र साखळी सुरू झाली. आपल्याकडे २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा पुरुषांच्या हंगामास जोडून झाली आणि थांबली. महाराष्ट्राच्या मुलींनी कबड्डीत जे कमावले, त्याला दूरचित्रवाणीच्या हिशेबात जागा सापडली नाही.

परंतु सगळा दोष धनिकांच्या माथी मारून आपण हात झटकू शकत नाही. सामान्य सभासदाने प्रश्न विचारणे सोडले की मालकी आपोआप दुसऱ्याकडे जाते. आपल्या राष्ट्रीय महासंघात आजन्म अध्यक्षपद निर्माण करण्यापर्यंत मजल गेली होती. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून प्रशासक नेमला. आणि दूर कशाला जायचे? सहकाराचे तत्त्व ‘एक सभासद, एक मत’ हेच आहे. तरीही २०१२ साली आपल्याच जिल्ह्याच्या मध्यवर्ती सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला आणि ठेवीदार शेतकरी, शिक्षक हवालदिल झाले, हे या सभागृहातील प्रत्येकाला आठवते. मत कागदावर असणे पुरेसे नाही. ते वापरावे लागते.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. पहिले, प्रत्येक मंडळाने आपली वार्षिक सभा खरोखर घ्यावी, हिशेब फळ्यावर लिहावा, आणि मुलींना व खेळाडूंना मताधिकारासह सभासद करावे. ज्याच्या घरात लोकशाही नाही त्याला दुसऱ्याच्या दारात ती मागता येत नाही. दुसरे, व्यावसायिक साखळीच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा, ज्या मंडळात खेळाडू घडला त्या मंडळाला नियमाने मिळावा. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडूला घडविणाऱ्या क्लबाला असा मोबदला देण्याची पद्धत आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे. तिसरे, लिलाव बंद करून खेळाडूला संघ निवडण्याचा अधिकार मिळावा, आणि त्यासाठी खेळाडूंची स्वतःची संघटना उभी राहावी. चौथे, जिंकून वर चढण्याची वाट खुली व्हावी. यातील एकही मागणी स्वप्नाळू नाही. प्रत्येक मागणी जगात कोठे ना कोठे अमलात आलेली आहे.

१९३६ साली अमरावतीची मुले बर्लिनला गेली ती कोणा मालकाचा झेंडा घेऊन गेली नव्हती. आपल्या मंडळाचे नाव घेऊन गेली होती. उद्या आपल्या मुलांना दोन कोटी मिळोत की दोन हजार, ती मैदानात उतरतील तेव्हा त्यांच्या पाठीमागे मंडळ असावे, आणि त्या मंडळात गावातील शेवटच्या माणसाचे मत असावे. सात माणसे लागतात, मित्रहो. या सभागृहात त्याहून पुष्कळ अधिक बसलेली आहेत.